मागच्या बेअरिंगची शीळ

४ फेब्रुवारी

प्रत्येक लिफ्टच्या मोटर रूममध्ये खिळ्याला एक वही टांगलेली असते. तारीख, तक्रार, काय केलं, सही. छापून उरलेल्या अशा वह्यांचा गठ्ठा माळ्यावर धूळ खात होता, त्यातली एक काढली. जन्मभर यंत्रांच्या तक्रारी लिहिल्या, आता थोड्या आपल्या लिहू. रकाने मध्ये मध्ये येतात, पण मी त्यांच्या अंगावरून सरळ लिहितोय.

आजची तक्रार: माणसं मिळत नाहीत. दोन मेकॅनिक एकाच महिन्यात सोडून गेले. एकशे चौदा लिफ्ट आमच्याकडे देखभालीला, आणि माणसं उरली सात. सुनेने जाहिरात तयार केली. मुलगा साइटवर असतो, ऑफिस तीच सांभाळते. जाहिरातीत मी एक ओळ घालायला लावली: 'ज्याला ऐकू येतं असा माणूस हवा.' सून हसली, पण घातली.

मग म्हणाली, "बाबा, या वेळी पत्र देण्याआधी प्रत्येकाचं सोशल मीडियाचं पान बघून घेऊ."

"कोण कुठे फिरायला गेला ते बघून मला काय करायचंय?"

"मागचा तो पिऊन साइटवर आला होता ना? त्याच्या पानावर बाटल्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. आधी बघितलं असतं तर?"

बघ म्हटलं.

बायको स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. हिला हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागली आहे.

७ फेब्रुवारी

आज पाच इमारती. माझी पद्धत ठरलेली. मोटर रूममध्ये जायचं, डोळे मिटायचे, लिफ्टच्या वर-खाली चार फेऱ्या ऐकायच्या, आणि वहीत सही. सोळाव्या वर्षी ग्रीसचा डबा उचलणारा पोरगा म्हणून या धंद्यात शिरलो. शाळा नाही, डिप्लोमा नाही. जे काही उभं केलं ते या दोन कानांवर. शिकलेले इंजिनिअर मीटर लावून बसायचे तेव्हा मी दारातूनच सांगायचो, ब्रेक डाव्या बाजूला घासतोय. तोंडं बघण्यासारखी व्हायची.

मिस्त्री बरोबर होता. माझ्याकडे सव्वीस वर्षं आहे. हल्ली माझी सही झाली तरी तो प्रत्येक इमारतीत अर्धा-पाऊण तास मागे रेंगाळतो. विचारलं तर म्हणतो, "झाडून घेतो जरा." वय झालं त्याचं. पूर्वी असा नव्हता. शिवाय चालताना सतत माझ्या उजव्या बाजूला येतो. जिना अरुंद असला तरी धक्का देऊन उजवीकडेच. माणसाला म्हातारपणी काय खूळ लागेल सांगता येत नाही.

१४ फेब्रुवारी

परीक्षा झाली. सात जण होते. परीक्षा माझीच, पंचवीस वर्षं जुनी. वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक जुनं मशिन चौथऱ्यावर बसवलेलं आहे. उमेदवाराने त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचं. मी मशिनमध्ये मुद्दाम एक खोट करून ठेवतो. तीन मिनिटं मशिन चालतं. जे ऐकू आलं ते कागदावर लिहायचं. बस.

आज ब्रेक एका बाजूने घासेल असा ठेवला होता. सहा पुरुषांपैकी चौघांनी वीज, व्होल्टेज, असलं पुस्तकी काहीबाही लिहिलं. एकाने 'ग्रीस कमी' लिहिलं. एकाने ब्रेक लिहिलं, पण बाजू चुकवली.

सातवी एक मुलगी होती. चोवीस-पंचवीसची असेल. केस मोकळे, हातावर जुना भाजल्याचा डाग, म्हणजे काम केलेली. मशिन सुरू केलं तर ही मान किंचित वाकडी करून अशी बसली की मला माझे दिवस आठवले. कागदावर दोनच ओळी. 'ब्रेक डाव्या बाजूने घासतोय. मागच्या बेअरिंगमध्ये बारीक शीळ आहे.'

पहिलं बरोबर. दुसरं कुठून काढलं? मागच्या बेअरिंगला मी हातही लावला नव्हता. पुन्हा मशिन लावलं, डोळे मिटून ऐकलं. शीळबीळ काही नाही. म्हटलं, "बाई, जास्तीचे मार्क मिळतील म्हणून जास्तीचं लिहायचं नसतं."

ती म्हणाली, "ऐकू आलं ते लिहिलं, काका."

मिस्त्री मशिनजवळच उभा होता. त्याला विचारलं, "आहे का रे शीळ?" तो फडक्याने हात पुसत राहिला. म्हणाला, "मशिन जुनं आहे."

दुसऱ्या ओळीवर काट मारली आणि अर्धे मार्क कापले. तरीही सगळ्यांत वर तीच. मिस्त्रीला म्हटलं, हीच घेऊ. तोही खूश झाला.

१६ फेब्रुवारी

सुनेने पानं बघितली. सातांपैकी तिघांची कुलूपबंद, चौघांची उघडी. एकाचं सगळं क्रिकेट, एकाची नवी मोटारसायकल, एकाचं काहीच नाही.

त्या मुलीच्या पानावर एक फोटो होता. गच्चीवर बसलेली, केस वर बांधलेले, कानामागे पांढरं काहीतरी. खाली लिहिलेलं, 'नवे कान, जुनीच मी.' ऐकण्याचं यंत्र.

मी सुनेला म्हटलं, आण इकडे. कंपनीच्या नावाचं खातं, तिच्या हातातला मोठा फोन. तिला बाहेर कुरिअरवाल्याने हाक मारली म्हणून ती गेली. मी तेवढा कान नीट बघावा म्हणून फोटो मोठा करायला गेलो, तर माझं जाडं बोट दोनदा आपटलं. मधोमध एक लाल बदाम उमटला आणि विरघळला. फोटो काही मोठा झाला नाही. पण बघायचं ते बघितलं.

वाईट वाटलं. फसवल्यासारखंही वाटलं. परीक्षेला केस मोकळे सोडून आली ती यासाठी. बहिरी मुलगी मोटर रूममध्ये! उद्या काही झालं तर कुणाच्या जिवावर? तिच्या कागदावर पेन्सिलने लिहिलं, 'यंत्र. नको.'

सून म्हणाली, "पण बाबा, पहिली तीच आली ना?"

"ती दुसरी ओळ बघ. नसलेलं ऐकू येतं तिला."

१७ फेब्रुवारी

नकाराचं पत्र सकाळीच पाठवायला लावलं. 'परीक्षेत अपेक्षित गुण न मिळाल्याने.' ज्याने ब्रेक ओळखून बाजू चुकवली त्याला घेतलं. शिकेल.

दाराची घंटा पुन्हा बिघडली. दोन महिन्यांत ही दुसरी. कंपन्या हल्ली काय माल काढतात. बायको म्हणते वाजते. म्हटलं, तुझी तिच्याशी सोयरीक आहे.

९ मार्च

परीक्षेचं मशिन आज अडकलं. नव्या गड्याला दाखवत होतो आणि करकचून थांबलं. धूर निघाला. मिस्त्री म्हणाला, बघतो. मला एका नव्या लिफ्टच्या उद्घाटनाला जायचं होतं.

२ एप्रिल

कामगार कार्यालयाचं पत्र आलं. त्या मुलीने तक्रार केली आहे. व्यंगावरून नोकरी नाकारली म्हणून. सोबत दोन कागद. एक आमचं पत्र. दुसरा तिच्या त्या फोटोची छापील प्रत, आणि त्याखाली ज्यांनी बदाम दिला त्यांची नावं. मैत्रिणी, मावशी, कुणी शाळेतलं, आणि त्यांच्यामध्ये आमच्या कंपनीचं नाव, निशाणीसकट.

सुनेने दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "मी नाही दिला, बाबा."

मला तेव्हा कुठे तो लाल बदाम आठवला.

५ एप्रिल

वकीलबाईंकडे. पन्नाशीच्या आहेत, बोलतात टाचण्या टोचल्यासारखं. मी आपला हसतखेळत सुरुवात केली, की बाई, एका बोटाने माणूस एवढा अडकतो हे माहीत असतं तर बोट घरी ठेवून आलो असतो. त्या हसल्या नाहीत.

"फोटो कधी बघितलात?"

"बघितला असेल कधीतरी."

"असेल नाही. तिला फोनवर सूचना गेली, सोळा तारीख, संध्याकाळी पाच बेचाळीस. पत्र सतराचं, सकाळी साडेनऊ. मधल्या रात्री काय घडलं असं तो अधिकारी विचारणार."

"पण बघणं म्हणजे काय गुन्हा आहे? तिनेच चव्हाट्यावर लावलाय."

"बघणं गुन्हा नाही. पण बाटल्या बघायला म्हणून तुम्ही आत जाता आणि दिसतं भलतंच. कुणाचं आजारपण, कुणाचं पोट आलेलं, कुणाचा देव. जे मुलाखतीत विचारायला बंदी, ते सगळं तिथे भिंतीवर टांगलेलं. पाहिलंच नसतं तर मी म्हटलं असतं, यांना माहीतच नव्हतं. आता पाहिलेलं न पाहिलेलं कसं करू?" चष्मा काढून त्यांनी विचारलं, "सातही जणांचं बघितलंत?"

"चौघांचं. बाकीची बंद होती."

"म्हणजे ज्याने दार उघडं ठेवलं त्यालाच शिक्षा. आणि घेतलात कुणाला?"

सांगितलं. त्यांनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. तिचे मार्क जास्त. मग तिच्या कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. 'यंत्र. नको.'

"हे अक्षर कुणाचं?"

मी म्हटलं, पेन्सिल आहे, खोडता येईल.

"हातसुद्धा लावू नका. कागदाला काही झालं तर ती दुसरी केस, आणि ती मी घेणार नाही. आणखी कुठे काही लिहिलंय?"

म्हटलं, नाही. ही वही घरी उशाखाली होती.

वाचवायला एकच मुद्दा आहे म्हणाल्या. तिला खरोखर कमी ऐकू येतं आणि म्हणून परीक्षेत तिने नसलेला आवाज लिहिला, हे दाखवता आलं तर. "तुमच्या कानांवर आहे आता."

हे ऐकून जरा धीर आला.

८ एप्रिल

सुनेशी बोललो. म्हटलं, तू असं सांग की फोटो तूच बघितलास, बोट तुझंच लागलं, आणि बाबांना दाखवलाच नाही. मला माहीतच नव्हतं म्हटल्यावर प्रश्न मिटला.

ती बराच वेळ फायलींच्या दोऱ्या बांधत राहिली. मग म्हणाली, "सांगेन."

"तुला काही होणार नाही."

"माझ्या नावावर येईल, बाबा. उद्या मी कुठे काम मागायला गेले तर माझंही कुणीतरी बघेलच." एवढं बोलून ती पाणी आणायला गेली. चांगली पोर आहे. घर सांभाळून घेते.

११ एप्रिल

बायको तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. निदान मला तरी तसं वाटतंय. आज जेवताना ती पानावरून उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सुनेला खोटं बोलायला लावू नका." चेहरा लाल झाला होता. मी म्हटलं, एवढी ओरडतेस कशाला? ती म्हणाली, "कारण तीनदा सांगून झालंय."

१५ एप्रिल

वकीलबाईंना परीक्षेच्या मशिनचे कागद हवेत. मशिन त्या दिवशी ठीक होतं हे दाखवायला. म्हणून कामाच्या चिठ्ठ्यांचा डबा उपसला. मिस्त्रीच्या हातची ९ मार्चची चिठ्ठी मिळाली.

'परीक्षेचं मशिन. मागचं बेअरिंग गेलं. बदललं. शीळ जानेवारीपासून.'

चिठ्ठी घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. मिस्त्री दाराचे रोलर धूत बसला होता. चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

"जानेवारीपासून?"

त्याने वर बघितलं नाही.

"चौदा तारखेला तुला विचारलं होतं. शीळ आहे का म्हणून."

"सहा उमेदवार समोर होते, काका. आणि ती. त्यांच्यादेखत काय सांगू?"

"काय सांगू म्हणजे? आहे म्हणून सांगायचं!"

मग त्याने हात पुसले आणि उठून उभा राहिला. माझ्या उजव्या बाजूला. म्हणाला, "डाव्या कानाने तुम्हाला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. उजव्यानेही बारीक आवाज येत नाहीत. आमच्या सगळ्यांना माहीत आहे. नवा गडी आला की पहिल्या दिवशी सांगतो, काकांच्या उजवीकडून बोलायचं."

मी खाली स्टुलावर बसलो. परीक्षेच्याच.

"आणि सह्या?" म्हटलं. "एकशे चौदा लिफ्ट?"

"तुमची सही झाली की मी परत ऐकतो. एकही तशी सोडलेली नाही. आईशपथ."

झाडून घेतो जरा.

१६ एप्रिल

आज कामावर गेलो नाही. सकाळी ऑफिसची किल्ली सुनेकडे देऊन परत आलो, ती काही बोलली, मी मान हलवली. या दोन वर्षांत किती जणांपुढे नुसती मान हलवली असेल.

दुपारी बायको बाहेर गेल्यावर दाराबाहेर उभा राहिलो आणि घंटेचं बटण दाबलं. दार उघडं होतं, घंटा डोळ्यांसमोर. मग तिच्या डबीवर हात ठेवून दाबलं. तळहाताला मुंग्या आल्या. वाजत होती.

१९ एप्रिल

ही वही वकीलबाईंपुढे ठेवली. त्यांनी तिथेच बसून वाचली. 'बहिरी मुलगी मोटर रूममध्ये' या पानावर जरा थांबल्या.

"ही दिली की बचाव संपला."

"संपू द्या. सुनेचं नाव कुठेही येता कामा नये. बोट माझं होतं. नकारही माझाच."

"आणि सह्यांचं कळलं तर तुमचा परवाना जाईल."

"कालपासून मिस्त्री सह्या करतोय," म्हटलं. "खरं ऐकणं त्याचंच होतं."

त्या पहिल्यांदाच माझ्या उजवीकडच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

सुनेला फोन करून सांगितलं की तुला काहीही सांगायचं नाही. ती पलीकडे बोलली की रडली ते कळलं नाही.

३ मे

कामगार कार्यालय. अरुंद खोली, वर पंखा, चार खुर्च्या. अधिकारी, ती मुलगी, वकीलबाई, मी. मुलीचे केस आज वर बांधलेले होते.

मी सगळं कबूल केलं. पेन्सिलसुद्धा. अधिकाऱ्याने लिहून घेतलं. यापुढे जो निवड करतो त्याने उमेदवाराचं पान बघायचं नाही, बघायचंच असेल तर दुसऱ्याने, सगळ्यांचं सारखं, आणि कामाशी संबंध असेल तेवढंच टिपायचं. नियमाप्रमाणे भरपाई. मी सगळ्याला हो म्हटलं. मग मुलीकडे वळून म्हटलं, "पोरी, नोकरी तुझीच होती. आजपासून ये."

ती जरा वेळ माझ्या ओठांकडे बघत होती. म्हणाली, "काका, मला तुमच्याकडेच यायचं होतं. जाहिरात वाचून हसूच आलं होतं. ज्याला ऐकू येतं असा माणूस! म्हटलं, पाच वर्षं मी दुसरं काय शिकतेय? यंत्र लावल्यावर आधी सगळा गोंगाट येतो. एकेक आवाज सुटा करून ओळखायला बसावं लागतं. हा पंखा, ही खुर्ची, हा माणूस."

"मग ये की."

"आता नको. गोदामात लागलेय. पाठ करून बसायला कुणी सांगत नाही."

"तो फोटो..." मी म्हटलं.

"काढून टाकला."

"का?"

"आणखी कुणी मोठा करून बघायला नको म्हणून."

खोलीत पंखा फिरत होता. आवाज करत असणार.

अधिकाऱ्याने तिला विचारलं, आणखी काही मागणी? ती म्हणाली, एकच. "माझी परीक्षा ज्यांनी घेतली त्यांची एकदा कुणीतरी घ्यावी. आणि तो कागद या फायलीत माझ्या कागदाशेजारी लागावा."

वकीलबाई उठून हरकत घेणार होत्या. मी त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं.

१२ मे

कानाच्या डॉक्टरांकडे. बायको बाहेर बाकावर. आत एक लाकडी खोली, भिंतींना गादी लावलेली, लिफ्टच्या केबिनएवढी. दार बंद झालं तेव्हा कानात कापूस दाबल्यासारखं वाटलं. कानावर मोठी डबडी चढवली. हातात एक बटण दिलं. तपासणारी बाई माझ्यासमोर येऊन सावकाश म्हणाली, "आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी."

ती बाहेर काचेपलीकडे जाऊन बसली. मी डोळे मिटले. मान जरा वाकडी केली, ती मुलगी बसली होती तशी. अंगठा बटणावर ठेवला. इतकी वर्षं जसं ऐकतो तसं ऐकायला लागलो.

बराच वेळ गेला. म्हटलं, यांचं मशिन बिघडलेलं दिसतंय, अजून सुरूच करत नाहीत. विचारावं म्हणून डोळे उघडले.

काचेपलीकडे ती बाई एकेक खटका दाबत होती, माझ्या अंगठ्याकडे बघत होती आणि प्रत्येक वेळी कागदावर एक काट मारत होती.